नाना बाविस्करांचं दार

कोणाच्याही घरी गेलो की आत शिरण्याआधी मी त्यांचं दार एकदा उघडून मिटून बघतो. या सवयीपायी माझं एक ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचे वडील दारात हात जोडून उभे, आणि मी त्यांच्या नाकासमोर दार मागेपुढे करत बिजागऱ्या न्याहाळत राहिलो. त्यांना वाटलं, मुलगा घराची किंमत करतोय. पोहे मिळाले, पण मुलगी काही बाहेर आली नाही. पुढे जिच्याशी लग्न झालं तिने माझी ही खोड मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटी नाद सोडला. हा सगळा नाना बाविस्करांचा प्रसाद.

नाना जळगावला ओव्हरसियर, म्हणजे बांधकामं तपासणारे अंमलदार होते. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. कापसाच्या मोसमात खानदेशातल्या गावांतून आगी लागत, आणि गोदामं, शाळा, माड्या बांधताना नियम म्हणून काही असतात हे बांधणाऱ्यांना ठाऊकच नसे. म्हणून गावोगावच्या मिस्त्री-मुकादमांना इमारतींचे आणि आगीचे नियम शिकवायचा चार महिन्यांचा वर्ग जळगावला निघाला. धुळ्याहून मला पाठवलं. कारण एवढंच, की मी नवा होतो आणि कचेरीत मला बसायला खुर्ची नव्हती. चोपड्याहून हिरामण मिस्त्री आला. हा चांगला चाळिशीचा, आडव्या अंगाचा गडी, अर्ध्या चोपड्याच्या भिंती त्याच्या हातच्या. सावद्याचे, बोदवडचे धरून आम्ही बारा जण झालो. शिकवायला एकटे नाना.

उंच, वाळकी अंगकाठी, धोतर, काळा कोट, काळी टोपी. कोटाच्या एका खिशात घडीची फूटपट्टी, दुसऱ्यात साखळीचं घड्याळ. नाना बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत, त्याच्या पाठीमागच्या दाराकडे बघत. नवख्या माणसाला वाटे की मागून कोणीतरी येतंय, आणि तो सारखा वळून बघे. नानांचं एक पालुपद होतं. "आत कोणीही शिरतो रे. बाहेर कसा पडणार, ते सांग." देवळात, नाटकाच्या तंबूत, कोणाच्या बारशाला, कुठेही गेले तरी पहिलं हेच.

आमचा वर्ग भरे ती इमारत एका कापसाच्या व्यापाऱ्याची. सगळं गाव त्यांना नुसतं शेठ म्हणे. खाली त्यांचं कापसाचं गोदाम, वर एक लांबलचक खोली. सकाळी तिथे मुलींची शाळा भरे, दुपारी आमचा वर्ग. वरून खाली यायला एकच अरुंद लाकडी जिना, जिन्याच्या पायथ्याशी एकच दार, आणि दार थेट रस्त्यावर. एकच जाड सागवानी कवाड. आणि ते आत उघडायचं. म्हणजे आगीतून माणसं कशी वाचवावीत हे आम्ही जिथे शिकत होतो, तिथेच आग लागली असती तर आम्ही बारा जण, नाना आणि नियमांचं पुस्तक, सगळे एकदमच आटोपलो असतो. पण गावात दुसरी मोठी खोली नव्हती.

पहिल्या दिवशी नानांनी फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. हजेरी घेतली, खाली रस्त्यावर जाऊन उभे राहिले, घड्याळ काढलं आणि ओरडले, "आग लागली! या सगळे खाली!" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. हिरामण मिस्त्री खिडकीतून वाकून म्हणाला,

"नाना, आग खरी शे का खोटी?"

"आगीला असं विचारून पळतोस काय रे?"

"नही, पण खरी व्हई तर जोडा घालतस नही. खोटी व्हई तर घालतस."

पुढे चार महिने रोज ही कवायत झाली आणि हिरामणने रोज हाच प्रश्न विचारला. त्याला मस्करी करायची नसे. कामाचं स्वरूप नीट समजल्याशिवाय त्याने उभ्या जन्मात थापी उचलली नव्हती.

त्या दिवशी आम्ही हसतखिदळत खाली धावलो, पुढच्याने कडी काढली, आणि दार आत ओढणार तोच मागच्यांनी त्याला दारावर चेपला. बारा धडधाकट माणसं जिन्यावर एकावर एक, आणि दार हलेना. नानांनी बाहेरून दार ढकलून बघितलं, पण आमच्याच वजनाने ते बंद. शेवटी हिरामण सगळ्यात मागे होता, तो जोडे घालायला वर गेला म्हणून जागा झाली. आम्ही बाहेर आलो तेव्हा नाना घड्याळाकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आम्हाला ते नाटक वाटलं.

"हे दार दिवाळीच्या आत बाहेर उघडलं पाहिजे," ते म्हणाले. "दिवाळीनंतर खाली कापूस भरेल. आणि सकाळी वर मुली असतात."

त्या चार महिन्यांत आम्ही जे काही शिकलो ते या एका वाक्याच्या आगेमागे.

नाना स्वतःच्या घरीही याच तऱ्हेने राहत. चुलीच्या दोन्ही अंगांना दोन वाळूच्या बादल्या, वर लाल रंगात लिहिलेलं, 'आगीसाठी'. त्या बादल्या लग्नानंतर आठवडाभरात आल्या होत्या आणि कधी उपयोगी पडल्या नव्हत्या. एकदा आम्ही चौघे त्यांच्या घरी गेलो. काकूंनी गरमागरम शेंगदाणे पुढे ठेवले. फारच खमंग. नानांनी दोन खाल्ले, तिसरा खाताना दाताखाली कचकन काही आलं. ते उठून आत गेले. एक बादली अर्धी रिकामी, आणि चुलीवरच्या कढईत वाळू तापलेली.

"आगीसाठी ठेवलेली वाळू तू आगीवर ठेवलीस?"

"मग? आगीसाठीच लिहिलंय ना वर!" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं बसून खातेय ती वाळू. आज जरा कामाला लावली."

नानांनी ती वाळू थंड होईपर्यंत चुलीपाशी पाट टाकून पहारा दिला. आम्ही बाहेर बसून शेंगदाणे संपवले.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची हकिकत तर सगळ्या जळगावाला पाठ होती. मांडव नानांनी स्वतः आखला. चार दिशांना चार दारं, दारांसमोर मोकळ्या वाटा, आडवं एकही बाकडं नाही. वाजतगाजत वरात आली. नवरदेवाचं घोडं पूर्वेच्या दारातून शिरलं, समोर पश्चिमेचं दार सताड उघडं दिसलं, आणि ते न थांबता सरळ पलीकडे निघालं. मागून वाजंत्री, त्यामागून वऱ्हाड. वधूपक्षाकडची माणसं अक्षता घेऊन उभी, आणि त्यांच्या मधून अख्खी वरात वाजत वाजत निघून गेली. पुढच्या चौकातून तिला वळवून आणेपर्यंत मुहूर्त टळायची वेळ आली. विहीण संतापली. व्याही म्हणाले, हा अपमान आहे. नाना मात्र मांडवाच्या मधोमध घड्याळ धरून उभे होते. "बघितलंत?" ते व्याह्यांना म्हणाले. "एवढा मोठा घोळका, पण कोणाला कोपर लागलं नाही." व्याह्यांनी पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

हा असा माणूस त्या दाराच्या मागे लागला होता. दाराचे मालक शेठ, पण ते अर्ज करीनात. म्हणून वर्गाचा शिक्षक या नात्याने नानांनीच कचेरीत अर्ज टाकला, की सदर दार बाहेर उघडण्यास परवानगी मिळावी. आता इमारतींचे सगळे अर्ज अभिप्रायासाठी ओव्हरसियरकडे येत. म्हणजे नानांकडेच. नानांनी अर्ज नीट वाचला. फूटपट्टी घेऊन जागेवर जाऊन आले. आणि शेरा मारला, 'कवाड बाहेर उघडल्यास अडीच फूट सार्वजनिक रस्त्यावर येते. रस्त्यावर कवाड उघडण्यास नियमाने मनाई आहे. अर्ज नामंजूर करावा.' तिसऱ्या दिवशी शिपायाने नामंजुरीचा कागद आणून नानांच्या हातात दिला. खाली सही त्यांचीच.

कागद वाचून नाना मटकन खाली बसले. मला राहवेना.

"अहो नाना, तुम्हीच होतात ना तिथे? मंजूर करून टाकायचा!"

"अर्जदार ओळखीचा आहे म्हणून?" नाना माझ्यावर उखडले. "तो ओव्हरसियर असा वागला असता तर मी वरपर्यंत तक्रार केली असती."

मग त्यांनी फेरविचारासाठी दुसरा अर्ज केला. अर्जदाराचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे असा नियम होता, म्हणून सुनावणी नेमली गेली. नोंद करायला मला बसवलं. शिपायाने दाराशी जाऊन पुकारा केला, "अर्जदार बाविस्कर हाजिर हो!" नाना खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून पुढे आले, हात बांधून उभे राहिले आणि रिकाम्या खुर्चीपुढे पाच मिनिटं कळवळून बोलले. मग वळसा घालून परत खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि समोरच्या मोकळ्या जागेला म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण कवाड रस्त्यावर येतं, त्याचं काय?" पुन्हा उठले, पुन्हा वळसा. अशा पंधरा-वीस फेऱ्या झाल्या. नाना धापा टाकत होते. मी हसू आवरायला सारखा दौतीत टाक बुडवत होतो. आणि एका फेरीत, अर्जदाराच्या जागेवर उभे असताना, नानांनी एकदम खिशातून फूटपट्टी काढली.

"साहेब," ते खुर्चीला म्हणाले, "चौकटच अडीच फूट आत घेतली तर? मग कवाड बाहेर उघडूनही आपल्याच हद्दीत राहील."

ते जवळजवळ पळतच खुर्चीत जाऊन बसले. "मग हे आधी का नाही सुचवलंत?" त्यांनी दरडावून विचारलं. "कचेरीचा वेळ फुकट घालवता!" आणि मंजुरीची सही ठोकली.

मी ही हकिकत हसून सांगतो, पण त्या दिवशी कचेरीतून निघताना मी नानांना जरा चेष्टेनेच विचारलं, की एका दारासाठी एवढा आटापिटा कशाला. आम्ही शेठच्या इमारतीजवळ पोचलो होतो. नाना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं.

"तरुणपणी मी एका जिनाचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचं, दार मापलं होतं. रुंदी बरोबर, उंची बरोबर, चौकट सागवानी. मी सही केली. ते कुठल्या अंगाला उघडतं ते तेव्हाच्या पुस्तकात विचारलंच नव्हतं, म्हणून मीही बघितलं नाही. आत कापूस निवडणाऱ्या बाया होत्या. सात जणी. आग विझल्यावर सगळ्या दारापाशी सापडल्या. दार शाबूत होतं."

मला फार लाज वाटली. मी उगीच दाराची कडी पुसत राहिलो. नाना उठले, कोट झटकला आणि वर वर्गावर गेले. त्या दुपारी त्यांनी आम्हाला जिन्याची रुंदी शिकवली, डोक्यावर घागरी देऊन. हिरामण आणि मी समोरासमोरून येत होतो, हिरामणची घागर माझ्या अंगावर उपडी झाली, आणि सगळे हसले तसे नानाही हसले.

मंजुरी मिळाली, पण शेठ ऐकेनात. शेठ माणूस वाईट नव्हता. शाळेला जागा त्यांनीच दिली होती. पण दार बाहेर उघडायचं म्हटल्यावर ते कानाला हात लावत.

"नाना, दार आत उघडतं म्हणून लक्ष्मी आत येते. बाहेर उघडलं म्हणजे येणाऱ्या लक्ष्मीला कवाडाने ढकलून देणं झालं. आणि आता तुम्ही माझा उंबराही हलवायला निघालात! दर दिवाळीला त्या उंबऱ्याची पूजा होते."

"शेठ, नियम आहे."

"तुमच्या नियमात लक्ष्मीचं काही लिहिलंय का?"

नानांनी पुस्तक उघडून खरोखर शोधलं. "नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले, आणि तिथे ते हरले.

दसरा आला. आमच्या परीक्षेचा दिवस ठरला. पुण्याहून इंजिनियर साहेब तपासायला आले. चांगले भरदार गृहस्थ, डोक्यावर विलायती टोप. तोंडी परीक्षा झाली, मग साहेब म्हणाले, "आता आगीची कवायत दाखवा." नाना नेहमीप्रमाणे रस्त्यावर जाऊन उभे राहिले. नेमके त्याच वेळी शेठ हार आणि पेढे घेऊन साहेबांचा सत्कार करायला वर आले. खाली नानांनी घंटा बडवली. आमच्यातल्या कोणीतरी, परीक्षेत मार्क बरे पडावेत म्हणून, जीव तोडून बोंब ठोकली, "आग! आग!"  खाली शेठचं गोदाम. हार टाकून ते जिन्याकडे धावले. शेठ धावले म्हणून साहेब धावले. आणि आम्ही बारा जण शिकवल्याप्रमाणे, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, पाय न थांबवता खाली उतरलो.

पायथ्याशी शेठचं नाक कवाडाला टेकलं, त्यांच्या पाठीवर साहेब, साहेबांच्या पाठीवर आम्ही.

"शेठ, मागे सरा," बाहेरून नानांचा शांत आवाज आला. "दार आत उघडतं."

"मागे कसा सरू? मागे साहेब आहेत!"

"साहेब, आपण मागे सरा."

"अहो, माझ्या मागे तुमचे विद्यार्थी आहेत!"

"विद्यार्थी, मागे!"

पण पाय थांबवायचा नाही आणि मागे वळायचं नाही, हे नानांनीच चार महिने आमच्या हाडीमासी खिळवलं होतं. सगळ्यात वरच्या पायरीवरून हिरामण ओरडला, "नाना, आधी सांगा, आग खरी शे का खोटी? मंग मी जोडानं बघस!"

"खोटी!" नाना ओरडले.

"मग आग म्हणून कोण ओरडलं?" शेठ कण्हले. नानांवर त्या घटकेला कोणाचाच विश्वास बसेना. 

"शेठ," बाहेरून आवाज आला. "दार कुठे उघडावं?"

"बाहेर! बाहेर, बाबा, बाहेर!"

"आणि उंबरा?"

"घाल चुलीत!"

"चुलीत घालता येणार नाही. अडीच फूट आत घेता येईल. लेखी द्याल?" आणि दाराखालच्या फटीतून खरोखरच एक कागद आणि पेन्सिल आत सरकली. पण कोणाला वाकायला जागा नव्हती. मग हिरामण जोडे शोधायला वर गेला, आणि सुटका झाली. साहेबांचा टोप चपटा झाला होता, शेठच्या नाकाचा शेंडा सोलून निघाला होता. निकालाच्या तक्त्यात नानांनी आम्हा बाराही जणांना पास केलं आणि तेराव्या ओळीत लिहिलं, 'दार, नापास.' साहेबांनी त्यावर मुकाट्याने सही केली.

एवढं झाल्यावर दुसऱ्या कोणी लगेच सुताराला बोलावलं असतं. नाना दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या पेढीवर गेले आणि म्हणाले, "शेठ, काल तुम्ही कबूल झालात ते चेपलेले असताना. दडपणाखाली दिलेली संमती मी धरू शकत नाही. ती परत करायला आलोय." मी बरोबर होतो. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

शेठ बराच वेळ नाकाला तूप लावत बसले. शाळेच्या मुख्य बाई तिथे आल्या होत्या. त्यांना सगळे यमुनाअक्का म्हणत. त्यांनी विचारलं,

"शेठ, दिवाळीला पूजेच्या वेळी तुम्ही दार लावून घेता का उघडं ठेवता?"

"उघडंच की. लावून कसं चालेल?"

"मग उघड्या दाराचं कवाड कुठल्या अंगाला आहे ते लक्ष्मी कशाला बघत बसेल?"

शेठनी नाकावरचा हात काढला. अक्कांकडे बघितलं, नानांकडे बघितलं. "सुताराला पाठवा," ते म्हणाले. "पण मुहूर्त मी काढणार."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दार बाहेर उघडलं. नानांनी ते एकवीस वेळा उघडलं आणि मिटलं. मग अक्कांच्या परवानगीने त्यांनी मुलींनाही कवायत शिकवली. वर्ग संपला होता. बाकीचे आपापल्या गावी गेले. मी मात्र नानांच्या हाताखाली उन्हाळ्यापर्यंत जळगावलाच राहिलो, त्यामुळे हे सगळं बघायला मिळालं. मुली आमच्यापेक्षा हुशार निघाल्या. पायऱ्या मोठ्याने मोजत उतरायच्या, म्हणजे कोणी अडखळत नसे. रांगेच्या शेवटी सोनी नावाची चिमुरडी. तिचं काम असं, की बाहेर येऊन सगळ्यांना मोजायचं आणि सगळ्या आहेत असं नानांना ओरडून सांगायचं, "बठ्ठ्या शेतस, नाना!" तिने तसं ओरडून सांगितलं की मगच नाना घड्याळ खिशात घालत.

माघातली सकाळ होती. मी आणि नाना पलीकडच्या गल्लीतल्या भिंतीचं माप घेऊन येत होतो. शेठच्या गोदामाच्या झरोक्यातून धूर निघताना दिसला. कापूस आतल्या आत धुमसतो, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या तोंडून हिरामणचाच प्रश्न निघाला, "नाना, ही खरी आहे?" नाना उत्तर न देता धावत सुटले. म्हातारा इतका धावेल असं मला वाटलं नव्हतं. धावता धावता त्यांनी घड्याळ काढलं, सवयीने. वर घंटा वाजली, पायऱ्या मोजायचा आवाज सुरू झाला. नाना दारासमोर पोचले. आणि ज्या माणसाने आम्हाला चार महिने शिकवलं होतं की बाहेर उघडणाऱ्या दारापुढे कोणी उभं राहू नये, तो त्या आत घेतलेल्या अडीच फुटांत, बरोब्बर दारापुढे उभा राहिला.

कवाड धाडकन उघडलं आणि नानांच्या कपाळावर बसलं. नाना उताणे रस्त्यावर. टोपी एकीकडे, घड्याळ दुसरीकडे, काच फुटून बंद पडलेलं. त्यांच्या दोन्ही अंगांनी मुली "अठरा, एकोणीस, वीस" करत बाहेर येत होत्या, एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवून, न थांबता. धूर दाटला होता. शेवटी खोकत खोकत सोनी आली आणि तिच्यामागे हजेरीचा तक्ता छातीशी धरून अक्का.

मी नानांना टेकवून बसवलं. कपाळातून रक्त येत होतं. सोनीने ते बघितलं आणि भोकाड पसरलं. मोजायचं ती विसरूनच गेली. अक्का म्हणाल्या, "नाना, झोपा, डॉक्टरांना बोलावते." नानांनी त्यांचा हात बाजूला सारला.

"सोने," ते म्हणाले, "आधी मोज ना ग."

सोनी रडत रडत मोजू लागली. एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून. लोक बादल्या घेऊन धावत होते, शेठ डोक्याला हात लावून उभे होते, आणि नाना त्या मुलीच्या बोटाकडे टक लावून बघत होते.

"बठ्ठ्या शेतस, नाना," ती शेवटी म्हणाली.

नाना रस्त्यावर बसून ओक्साबोक्शी रडले. बाकी सगळ्यांना वाटलं, मार जोरात बसलाय.

गोदामातला कापूस अर्धा गेला, जिना कोळसा झाला. दार शाबूत होतं. चौथ्या दिवशी नाना डोक्याला फडकं बांधून कचेरीत आले आणि त्यांनी पहिली नोटीस स्वतःवर काढली, बाहेर पडण्याच्या वाटेत उभं राहून अडथळा केल्याबद्दल. दुपारी तिला उत्तर दिलं, 'कबूल आहे.' संध्याकाळी शेरा मारला, 'समज देण्यात आली.'

उन्हाळ्यात माझी धुळ्याला बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला नानांच्या घरी गेलो तर काकू म्हणाल्या, कुठे असणार, दारापाशी. शाळा तोवर दुसऱ्या इमारतीत गेली होती, आणि शेठनी ते कवाड चौकटीसकट काढून तिथे बसवून दिलं होतं, बाहेर उघडणारं. मी लांबूनच बघितलं. नाना जमिनीवर उकिडवे बसून दारापुढे चुन्याने अर्धगोल काढत होते, कवाड जिथवर येतं तिथवर. आत लिहिलं, 'येथे उभे राहू नये.' मग उठले आणि त्या रेघेच्या बाहेर, अगदी नियमाप्रमाणे, हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. कपाळावर कवाडाच्या माराची खूण अजून होतीच. घंटा झाली. दार उघडलं, मुली मोजत मोजत बाहेर आल्या, शेवटी सोनी.

"बठ्ठ्या शेतस, नाना!"

नानांनी घड्याळ न बघताच खिशात घातलं. दुरुस्त करून आणायला त्यांना सवड झाली नव्हती. ते अजूनही बंदच होतं.